पटकीच्या शहरातले परदेशी

२९ मार्च १८३२. पॅरिसमध्ये त्या दिवशी ‘मी-कारेम’ होता. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक जो चाळीस दिवसांचा उपास पाळतात, त्याच्या मध्यावर येणारा हा गुरुवार. उपासाला कंटाळलेल्या माणसांनी एक दिवस मुखवटे चढवून नाचून घ्यावे आणि मग उरलेला उपास पुरा करावा, असा तिथला जुना रिवाज. दोनतीन दिवसांपूर्वीच शहरात पटकीचे पहिले रोगी सापडले होते आणि ती बातमी सगळीकडे झाली होती. तरी नाट्यगृहांतून नाच व्हायचे ते झालेच. ‘व्हारिएते’ नाट्यगृहातल्या मी-कारेमच्या नाचाला नॅथॅनियल पार्कर विलिस हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन पत्रकार हजर होता. न्यूयॉर्कच्या ‘मिरर’ साप्ताहिकाला तो युरोपातून पत्रे पाठवत असे. त्याने लिहून ठेवले आहे की नाचणाऱ्यांत एक ताडमाड इसम चक्क पटकीचेच सोंग घेऊन आला होता. अंगावर सापळ्याच्या हाडांचे चिलखत, डोळे लालभडक. वाद्यवृंदाने वाजवलेल्या एका नाचाचे नाव होते ‘कॉलरा वॉल्ट्झ’ आणि दुसऱ्याचे ‘कॉलरा गॅलप’.

त्याच दिवसाचे दुसरे वर्णन जर्मन कवी हाइनरिख हाइने याचे आहे आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. ऊन छान पडले होते, रस्ते माणसांनी फुलले होते, आजाराची थट्टा करणारे मुखवटे हिंडत होते, नाचघरांत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती आणि लोक बर्फाचे गारेगार पदार्थ खात होते, असे तो सांगतो. मग एका विदूषकाच्या पायांत एकाएकी गारठा भरला. त्याने मुखवटा काढला, तर खालचा चेहरा जांभळा-निळा. नाचातून माणसे थेट रुग्णालयात गेली, तिथे मेली आणि अंगावरच्या सोंगाच्या कपड्यांतच पुरली गेली.

इतिहासाच्या पुस्तकांत १८३२च्या साथीचे पान उघडले की हा विदूषक हटकून भेटतो. नाचला आणि मेला, एवढ्यासाठीच त्याला तिथे आणलेले असते. हाइनेच्या लेखावर १९ एप्रिल ही तारीख आहे, म्हणजे तो तीन आठवड्यांनंतरचा. विदूषकाच्या चेहऱ्यावर त्याने थोडा जास्तीचा निळा रंग चढवला असावा असा मला दाट संशय आहे. कवी तो कवीच. पण माझी खरी तक्रार हाइनेबद्दल नाही, त्या विदूषकाचा दृष्टान्त करणाऱ्यांबद्दल आहे. पटकी पाण्यातून पसरते. जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरने हे १८४९मध्ये मांडले आणि १८५४च्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवून दिले. १८३२मध्ये पॅरिसात जे मेले ते नाचल्यामुळे मेले नाहीत. घरी जपमाळ ओढत बसलेलेही त्याच सेन नदीचे पाणी पीत होते.

मी व्यावसायिक इतिहासकार नव्हे. एका पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात जुनी पत्रे, रोजनिश्या वाचतो. जर्मन मला कामापुरती येते, तीही कोश शेजारी उघडा ठेवून. या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या एका भांडणामुळे. मार्च २०२०मध्ये माझी भाची मिलानला शिकत होती. ८ मार्चला लोंबार्डी बंद झाली, दोन दिवसांत अख्खी इटली. ती तिथे एका खोलीत अडकली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ती रोज काहीतरी टाकायची. आज पाव भाजला, तो असा फुगला. समोरच्या गॅलरीतले आजोबा संध्याकाळी अकॉर्डियन वाजवतात. कुंडीत तुळशीऐवजी त्यांची ती बासिलिको लावली. एके दिवशी आमच्या थोरल्या आतेभावाने सुनावले, “तिकडे माणसे मरताहेत आणि हिला पावाचे फोटो सुचताहेत.” गटावर दोन दिवस शांतता होती. भाचीने पुढे फोटो टाकणे बंद केले आणि तिची आई जास्तच घाबरली.

मराठीत चैन आणि विरंगुळा असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. मात्र साथीच्या काळात, त्यातही परमुलखात राहणाऱ्या माणसाचा विरंगुळा लांबून पाहणाऱ्याला चैन दिसू लागतो. असे पूर्वी कधी झाले असेल, आणि त्या माणसांनी स्वतः काय लिहून ठेवले असेल, हे शोधता शोधता मी १८३२च्या पॅरिसला येऊन पोचलो. त्या शहरात तेव्हा परदेशी माणसे उदंड होती आणि त्यांतली पुष्कळशी लिहिती होती.

या साथीचा रस्ता आपल्या दारावरून गेला आहे. ऑगस्ट १८१७मध्ये बंगालच्या जेसोर भागात ती उसळली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. हे फौजफाट्याचे निमित्त पेंढाऱ्यांचे, पण धाक शिंद्यांना दाखवायचा होता. इकडे ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात तिकडे इंग्रजांची माणसे लढाईवाचून पटापट पडू लागली. शेवटी तळ हलवून बेटवा नदीकाठच्या उंच, कोरड्या जागेवर न्यावा लागला, तेव्हा जोर ओसरला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत ती दख्खन ओलांडून मुंबईत आली होती. त्या छावणीत शिपायांच्या कितीतरी पट बुणगे होते. तेही घरापासून शेकडो कोस लांबच होते. रात्री शेकोटीशी त्यांनी कोणती गाणी म्हटली, कुणी कुणाला चिलीम दिली, हे कळायला मार्ग नाही. बुणगे लिहीत नसत.

शब्दाचाही एक प्रवास आहे. आपल्याकडे आणि कोकणीत या विकाराला ‘मोडशी’ म्हणत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हा शब्द नोंदवला आहे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले. फ्रेंचांच्या कानाला ते ‘मॉर द शियां’ असे ऐकू आले. याचा त्यांच्या भाषेतला अर्थ कुत्र्याची मौत. मग अर्थ इतका चपखल बसतो म्हटल्यावर मूळ शब्द फ्रेंचच असावा असे पुढच्या कित्येकांना वाटले.

१८१७च्या लाटेचा जोर पश्चिमेकडे कास्पियन समुद्राच्या आसपास ओसरला. १८२६च्या सुमारास बंगालातून दुसरी लाट निघाली, ती थांबली नाही. १८३०मध्ये मॉस्को, १८३१मध्ये वॉर्सा आणि बर्लिन. त्या नोव्हेंबरात बर्लिनला तत्त्वज्ञ हेगेल वारला, तो पटकीनेच असे तेव्हा जाहीर झाले. १८३१च्या शरदात इंग्लंड, फेब्रुवारीत लंडन आणि मार्चच्या अखेरीस पॅरिस.

पॅरिसची वस्ती तेव्हा पावणेआठ लाखांच्या वर होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसाला आठशेच्या वर माणसे मरत होती. त्या एका महिन्यात बारा हजारांवर गेली आणि सप्टेंबर अखेर एकूण अठरा हजारांच्या पुढे. शववाहिन्या पुरेनात, तेव्हा सामान हलवायच्या गाड्या आणि भाड्याच्या बग्ग्या वापरल्या. दफनभूमीच्या दाराशी गाड्यांची रांग लागून आधी कोण यावरून नातेवाईक हमरीतुमरीवर आले. हाइनेने हे पाहून लिहिले आहे.

हाइने मे १८३१मध्ये पॅरिसला आला होता. जर्मनीत ज्यू म्हणून जन्मलेला, नोकरीच्या आशेने बाप्तिस्मा घेतलेला, तरी नोकरी न मिळालेला. आउग्सबुर्गच्या ‘आल्गेमाइने त्साइटुंग’ला लेख पाठवून तो पोट भरत होता. साथ आली तेव्हा पॅरिस सोडण्यासाठी एक लाख वीस हजार पासपोर्ट दिले गेले, असा आकडा तो देतो. त्या काळात शहराबाहेर जायलाही पासपोर्ट लागे. तो स्वतः गेला नाही. त्याचा चुलतभाऊ कार्ल, हॅम्बर्गच्या श्रीमंत बँकर काकांचा मुलगा, पटकीने अंथरुणाला खिळला होता. हाइने त्याच्याजवळ थांबला. कार्ल जगला. काकांशी आणि पुढे याच कार्लशी हाइनेचे पैशांवरून काय झाले ती वेगळी कथा आहे, आणि ती फारशी गोड नाही.

लेख लिहिताना शेजारच्या घरातून पटकीने मरणाऱ्या माणसाच्या किंकाळ्या येत होत्या, त्यामुळे सारखा व्यत्यय आला, असे तो त्या लेखातच सांगतो. आणि त्याच लेखात फलालीन या कापडावर त्याने हसत हसत लिहिले आहे. पोटाला गारवा लागू नये म्हणून फलालीनचा पट्टा बांधावा असा डॉक्टरांचा सल्ला होता. झाडून सगळे पॅरिस फलालीन गुंडाळून फिरू लागले. राजा लुई-फिलिपसुद्धा उत्तम मध्यमवर्गीय फलालीनचा पट्टा बांधतो, असे हाइने लिहितो. शेजारची किंकाळी आणि राजाच्या पोटावरचा पट्टा, दोन्ही एकाच लेखणीतून. हे वाचून मला हाइने निर्दय वाटला नाही. जो माणूस त्या खोलीत बसून लेख पुरा करतो, त्याला एखादे वाक्य हसण्यासाठी लागतेच.

डॉक्टरांचेही दोन तट होते. ब्रुसे हा लष्करी रुग्णालयातला नामांकित वैद्य रोग्यांना जळवा लावी आणि उपाशी ठेवून बर्फ चघळायला देई. ‘ओतेल-दिय’ या जुन्या धर्मादाय रुग्णालयात माझांदी मात्र रोग्यांना गरम ‘पंच’ पाजत असे. दारू, साखर, लिंबू वगैरे मिसळलेले हे पेय. बहुतेक कोशकार या शब्दाचे मूळ आपल्या ‘पाच’ या आकड्यात सांगतात, कारण त्यात जिन्नस पाच. रोग हिंदुस्थानातून आला आणि त्यावरचा घोटही हिंदुस्थानी नावाचा. कोणाच्या उपचाराने जास्त वाचले याचा हिशेब करण्यात अर्थ नाही, पण मला विचाराल तर मी माझांदीच्या वॉर्डात जाणे पसंत केले असते. जळवांपेक्षा पंच केव्हाही बरा.

मात्र रुग्णालयात जो घोट औषध ठरत होता, तोच गल्लीतल्या गुत्त्यात दुर्गुण ठरत होता. सरकारी सूचनापत्रे सांगत की नेमस्त राहा, दारू टाळा, कच्ची फळे टाळा, थंड पेये टाळा, मन शांत ठेवा. ज्यांच्याकडे एकाच खोलीत आठ माणसे राहत होती त्यांनी मन शांत कसे ठेवावे हे सांगितलेले नव्हते. नगरभवनाजवळ मॉर्तेलरी नावाची गल्ली होती. गवंड्यांच्या चुन्यावरून पडलेले नाव. तिथे इतकी माणसे मेली की नावातला ‘मॉर’, म्हणजे मृत्यू, रहिवाशांना खुपू लागला आणि १८३५मध्ये गल्लीचे नाव बदलण्यात आले. श्रीमंत वस्तीतले आणि या भागातले मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे होते. दुर्गुणांचे प्रमाण तितके वेगळे असेल असे वाटत नाही.

गरिबांच्या पोटावरच पहिला पाय पडला. रोगराई टाळण्यासाठी रस्त्यावरचा कचरा झटपट उचलायचा ठरले आणि नव्या ठेकेदाराच्या गाड्या आल्या. कचऱ्यातून चिंध्या, हाडे, भंगार वेचून जगणाऱ्या हजारोंचा तो घास होता. मार्चच्या अखेरीस त्यांनी गाड्या फोडल्या, जाळल्या. त्यातच अफवा उठली की रोग वगैरे काही नाही, कोणीतरी अन्नात आणि दारूत विष कालवते आहे. मग ज्याच्या खिशात पुडी किंवा कुपी सापडेल त्याच्यावर जमाव तुटून पडू लागला. व्होजिरार रस्त्यावर पांढरी भुकटी बाळगणाऱ्या दोघांना लोकांनी ठार केले, हे हाइनेने सांगितले आहे. ती भुकटी रोगापासून बचाव म्हणून जवळ ठेवायचा कापूर किंवा क्लोरीनची पूड असावी, असेही तो लिहितो. बोलीवरून, वेशावरून परका ओळखू येणाऱ्या माणसाला असल्या रस्त्यावरून चालताना काय वाटत असेल! हाइने तरीही रोज बाहेर पडत होता.

आता अमेरिकनांकडे येतो. मला सर्वांत जवळची वाटलेली माणसे तीच.

सॅम्युअल मोर्स हे नाव आपल्याला तारेच्या ‘कड कट्ट’वरून माहीत आहे. १८३२मध्ये तो तारवाला नव्हता, चाळिशीचा चित्रकार होता आणि फारसा यशस्वीही नव्हता. १८२५मध्ये तो वॉशिंग्टनला लाफायेतचे व्यक्तिचित्र काढत असताना त्याची बायको घरी एकाएकी वारली. पत्र पोचून तो धावत घरी जाईपर्यंत दफन उरकले होते. तीन मुलांना नातेवाइकांकडे ठेवून तो युरोपात शिकायला आला. पॅरिसात त्याने एक अचाट काम अंगावर घेतले. लूव्रमधली आपल्याला आवडलेली चित्रे एकाच मोठ्या कापडावर उतरवायची. सुमारे सहा फूट उंच आणि नऊ फूट रुंद कापड, त्यात लिओनार्दो, राफाएल, तिशियन, रुबेन्स, मुरिलो अशांची मिळून अडतीस चित्रे, मोनालिसासकट. गंमत म्हणजे ज्या दालनात ही चित्रे टांगलेली त्याने दाखवली, तिथे ती तशी नव्हतीच. मोर्सने आपल्या मनाने भिंती सजवल्या. अमेरिकेत तेव्हा असे संग्रहालय नव्हते. जे लोक कधी पॅरिसला येणार नाहीत, त्यांना एका तिकिटात लूव्र दाखवायचे, असा त्याचा बेत होता.

या कामासाठी त्याने चाकांचा उंच माळा करून घेतला. तो ढकलत एका चित्रापासून दुसऱ्याकडे न्यायचा, वर चढायचा आणि नक्कल करायची. सकाळी नऊ ते दुपारी चार, रोज. दहा ऑगस्टला दालने बंद होणार होती, त्याआधी संपवायचे होते. एका पत्रात तो भावांना कळवतो की कॉलरा इथे थैमान घालतो आहे आणि आम्हा सर्वांच्या मनाची अवस्था ऐन लढाईतल्या शिपायांसारखी आहे. आणि मग पुन्हा चित्राचे किती झाले, किती राहिले याकडे वळतो.

त्याला रोज भेटायला येणारा माणूस होता जेम्स फेनिमोर कूपर, ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’चा लेखक. कूपर तेव्हा बायकामुलांसह पॅरिसला राहत होता आणि साथीत इथेच राहिला. १८३२च्या वसंतातल्या एका पत्रात त्याने आपला दिनक्रम सांगितला आहे. आठला उठायचे, वर्तमानपत्रे वाचायची, दहाला न्याहारी, मग एकपर्यंत लिखाण. त्यानंतर घरातला झगा उतरवून बूट-हातमोजे चढवायचे, मित्राने दिलेली काठी घ्यायची आणि लूव्र गाठायचे. तिथे मोर्स आपल्या माळ्यावर बसलेला असायचा. कूपर जवळच्या बाकावर दोन्हीकडे पाय सोडून घोड्यासारखा बसायचा आणि त्याची टर उडवायचा. इथे रंग अजून लाव, ते नाक आखूड झाले आहे. भोवती प्रेक्षक गोळा व्हायचे. विलिसही तिथे येऊन गेला. वृद्ध शास्त्रज्ञ अलेक्झांडर हुम्बोल्ट येऊन मोर्सबरोबर दालनांतून फिरत असे. वार्षिक चित्रप्रदर्शन त्या वर्षी साथीमुळे भरलेच नाही, पण हा एक माणूस मात्र आपल्या माळ्यावर कायम होता.

हे वाचताना मला प्रश्न पडला होता की कूपरने हे चालू का ठेवले असेल. चित्राची त्याला कळ होती, तरी रोज दुपारी नाकाच्या लांबीवर बोलायला कोणी साथीच्या शहरात एवढे चालत जात नाही. माझे उत्तर असे आहे. आपल्या गावात साथ आली तर माणसाला करायला पुष्कळ असते. शेजाऱ्याकडे डोकवायचे, आत्याला पेज पोचवायची, खांदा द्यायला जायचे. परक्या गावात ही कामे नसतात. कोणी बोलावत नाही. मग दिवसाला आकार द्यायला एक ठरलेली भेट लागते, आणि ती रोजची असावी लागते. एक दिवस चुकली तर दुसऱ्याने चौकशी करावी अशी. कूपर एकच्या ठोक्याला निघाला नसता तर मोर्सला त्याच दुपारी कळले असते. ज्या शहरात सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी गाडीत असे, तिथे नाकावरची ती थट्टा म्हणजे हजेरीच होती. हाच माझा मुद्दा आहे. परदेशातल्या माणसाचा छोटा विरंगुळा त्या काळात मौजेच्या खात्यात टाकू नये. हिशेबनिसाची भाषा वापरतो, पण ती रोजकीर्दच असते.

याला पैशाचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. कूपरकडे पुस्तकांचे उत्पन्न होते, राहायला चांगले घर होते. लूव्रच्या दारावरून हाडे वेचत जाणाऱ्याला कोणी विरंगुळ्याबद्दल विचारले नाही, आणि त्याने गुत्त्यात दोन घोट घेतले तर तो सरकारी अहवालात साथीचे कारण म्हणून नोंदला गेला. परदेशी विरंगुळ्यांची मी बाजू घेतो आहे, ती हे ठाऊक असून.

मोर्सच्या बाबतीत जूनमध्ये एक विचित्र गोष्ट झाली. तोपर्यंत काळजी अमेरिकेतल्यांना पॅरिसची होती. पण साथ जहाजातून कॅनडात उतरली आणि जून संपता संपता न्यूयॉर्कमध्ये पोचली. त्याचे दोघे भाऊ तिथे ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिक चालवत होते. आता काळजीची दिशा उलटी झाली. पत्राला जायला महिना, उत्तराला महिना. बायकोच्या वेळी पत्र उशिरा पोचले होते, तो अनुभव त्याला होताच. उन्हाळाभर तो चित्र काढत राहिला यात मला आश्चर्य वाटत नाही.

संगीताच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरांनी खूप लिहिले आहे. वॉर्सा पडल्यावर पॅरिसला आलेला बावीस वर्षांचा शोपां पाचव्या मजल्यावर राहत होता. माझ्या गॅलरीतल्या देखाव्याचा सगळ्यांना हेवा वाटतो, जिन्याचा कोणालाच नाही, असे तो मित्राला लिहितो. फेब्रुवारीत त्याची पहिली मैफल झाली. साथ अजून पुरती संपलेली नसताना, २० मे रोजी, तो धर्मादाय मैफलीत पुन्हा वाजवायला बसला. पागानिनीने एप्रिलमध्येच साथग्रस्तांसाठी ऑपेरागृहात व्हायोलिन वाजवले. मेंडेल्सनला स्वतःलाच पटकीचा सौम्य झटका आला. तो बरा झाला आणि एप्रिल संपायच्या आत लंडनला गेला. तिथे एका तालमीला तो गुपचूप मागे बसायला गेला असता वादकांपैकी कोणीतरी त्याला ओळखले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लंडनच्या धुरकट हवेतला हा क्षण आपल्याला सर्व मानमरातबांपेक्षा मोलाचा वाटला, असे त्याने घरी कळवले. वाचलेल्या माणसाचा आनंद असा असतो.

लंडनमध्ये तेव्हा एक हिंदी माणूस होता, आणि तो साधासुधा नव्हता. राजा राममोहन राय एप्रिल १८३१मध्ये लिव्हरपूलला उतरले होते. कलकत्त्याच्या डेव्हिड हेअरच्या भावांकडे, बेडफर्ड स्क्वेअरमध्ये ते राहत. फेब्रुवारी १८३२पासून लंडनमध्ये ज्या रोगाला लोक ‘एशियाटिक’ किंवा ‘इंडियन’ कॉलरा म्हणत होते, तो त्यांच्याच बंगालातून निघालेला. पार्लमेंटच्या समितीपुढे मुलकी आणि न्यायव्यवस्थेबद्दल लेखी उत्तरे देण्याचे भारी काम त्यांच्याकडे होते. ते काम सांभाळून हा पन्नाशी उलटलेला पंडित नाटकांना जात असे. फॅनी केंबल या तरुण नटीने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की तिचे करुण नाटक पाहताना राजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पुढे १८३२मध्ये एका घरगुती मेळाव्यात दोघे भेटले आणि त्यांनी मनसोक्त निरर्थक गप्पा मारल्या. निरर्थक हा शब्द तिचाच, आणि तिने तो कौतुकाने वापरला आहे. राममोहनांच्या चरित्रांत समितीपुढची उत्तरे असतात, सतीबंदीवरचे अपील असते. ही निरर्थक गप्पांची संध्याकाळ क्वचितच सापडते. मला ती त्या उत्तरांइतकीच महत्त्वाची वाटते. रोगाला आपल्या देशाचे नाव लावले गेलेल्या शहरात, पागोटे घालून, एका परक्या मुलीशी निव्वळ हसण्यासाठी बोलणे सोपे नसावे. त्याच वर्षी शरदात ते पॅरिसलाही जाऊन आले. सप्टेंबर १८३३मध्ये ब्रिस्टलला ते वारले, पण ते मेंदूच्या विकाराने, पटकीने नव्हे.

पॅरिसमध्ये पंतप्रधान कासिमिर पेरिए १ एप्रिलला राजपुत्राबरोबर ओतेल-दिय रुग्णालयात रोग्यांना भेटून आला, आजारी पडला आणि १६ मेला गेला. जूनच्या सुरुवातीला लोकप्रिय सेनापती लामार्क पटकीनेच गेला, त्याच्या अंत्ययात्रेतून दंगल उसळली आणि दोन दिवस रस्त्यांत गोळ्या झाडल्या गेल्या. व्हिक्टर ह्यूगोने पुढे ‘ले मिझेराब्ल’मध्ये जी बंडाळी रंगवली ती हीच. त्या दोन दिवसांनी पटकीला इतिहासाच्या पानावरून जवळजवळ ढकलून दिले.

मोर्सने १ ऑक्टोबरला ल हाव्र बंदरातून ‘सली’ जहाज पकडले. या प्रवासातच विजेच्या तारेने संदेश पाठवण्याची कल्पना त्याला सुचली. अपुरे चित्र जहाजात बरोबर होते. ते त्याने न्यूयॉर्कला पुरे केले आणि १८३३मध्ये पंचवीस सेंट तिकीट लावून लोकांना दाखवले. लोक आले नाहीत. अडीच हजार डॉलर मिळतील अशी त्याची आशा होती. शेवटी चौकटीसकट तेराशेला ते गेले. १९८२मध्ये तेच चित्र साडेबत्तीस लाख डॉलरना विकले गेले.

चित्रात मधोमध मोर्स स्वतः आहे, एका विद्यार्थिनीच्या खांद्यावरून वाकून तिचे काम पाहणारा. डाव्या कोपऱ्यात कूपर, त्याची बायको आणि चित्र काढत बसलेली मुलगी. खोलीत दुपारचा उजेड आहे. भिंतीवर वरपासून खालपर्यंत सोनेरी चौकटी. १८३२मध्ये पॅरिसात काय चालले होते याची एकही खूण त्या सहा बाय नऊ फुटांत नाही. फक्त मोर्सचा चाकांचा माळा कुठे दिसतो का म्हणून मी छापील प्रतीवर भिंग धरून बरेच पाहिले. तो त्याने काढलेला नाही.